अलिबाग ते मुरूड एका दिवसात, किनाऱ्याने पळत

अलिबाग ते मुरूड रस्त्याने साधारण ५० किलोमीटर. हेच अंतर समुद्राच्या कडेने, जमेल तिथे वाळूवरून आणि नाइलाज असेल तिथे डांबरावरून, एका दिवसात पळायचं असेल तर दमापेक्षा भरती-ओहोटीचं गणित महत्त्वाचं. ते चुकलं की चांगला तयारीचा गडीही नागावच्या सुरूच्या बनाखाली भुसभुशीत वाळू तुडवत बसतो.

आधी तिथी, मग तारीख

कोकणातला जुना ठोकताळा असा: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल तो भरतीचा तास. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. ऐन पहाटे पाणी वर, पळायला वाळूच नाही. पौर्णिमेला उत्तर सव्वाअकरा येतं, प्रत्यक्षात भरती बारापर्यंतही लांबते. म्हणजे ओहोटी पहाटे साडेपाच-सहाला आणि पुन्हा संध्याकाळी सहाच्या सुमाराला. आपल्याला नेमकं हेच हवं: सकाळी पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, दुपारच्या भरतीत रस्ता, संध्याकाळी पुन्हा पुळण. शिवाय उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या, दिवसांत ओहोटीचं पाणीही लांबवर मागे हटतं. अमावस्येलाही हिशोब तोच, पण पौर्णिमेला पहाटेचा चंद्र समुद्राच्या बाजूला कललेला असतो आणि उजेड फुकट मिळतो. तरी हेडटॉर्च घ्याच. ठोकताळ्यावर दिवस ठरवा, पण अलार्म मात्र भरतीचं वेळापत्रक बघूनच लावा.

महिना डिसेंबर ते फेब्रुवारी. शनिवार-रविवार टाळा, काशिदला पर्यटकांच्या गाड्यांतून वाट काढत पळण्यात काही मजा नाही.

तयारी

एखादी पूर्ण मॅरेथॉन झालेली असावी. तीन-चार महिने आठवड्याला एकदा लांब पळा आणि दुसऱ्या दिवशी थकल्या पायांनी पुन्हा दहा-पंधरा किलोमीटर. पाठीवरची पिशवी सरावातही बांधा.

पिशवीत दोन लिटर पाणी, ओआरएस, चिक्की, खजूर, टोपी, सुटे पैसे, चार्ज केलेला फोन आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरड्या मोज्यांचे दोन जोड. मोजे विसरू नका. ओल्या मोज्यात वाळू शिरली की दहाव्या किलोमीटरला टाचेवर फोड येतो आणि पुढचे चाळीस किलोमीटर तोच बोलतो. मांड्या, काखा आणि बोटांच्या बेचक्यांत आधीच व्हॅसलीन चोपडा.

पळताना

पहाटे पावणेपाचच्या सुमाराला निघा. अलिबागच्या दक्षिणेला आक्षीची खाडी आडवी येते. ओहोटीला ती उथळ दिसते, पण चिखल फसवतो आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याला ओढ असते. पायी उतरू नका. रस्त्यावर येऊन पुलावरून जा आणि आक्षीला पुन्हा किनारा धरा.

वाळूवर कुठे पळायचं हे पायाखाली कळतं. कोरडी वाळू पाय गिळते. लाटेच्या अगदी काठावरची पाणी धरून असते. मधला पट्टा, जिथे पाऊल पडताच भोवतालची वाळू क्षणभर पांढुरकी होते, तो घट्ट. किनारा समुद्राकडे उतरता असल्याने उजवा पाय सतत खाली पडतो आणि कंबर धरते. म्हणून अधूनमधून वर, सपाट भागात या. कोळीवाड्याजवळ होड्यांच्या नांगराचे दोर अंधारात दिसत नाहीत, तिथे चाला. खडक लागले की शेवाळ आणि कालवांच्या धारदार कडांशी खेळू नका, वाडीतून रस्ता गाठा.

आठच्या आसपास रेवदंडा. पोर्तुगीजांच्या किल्ल्याच्या तटातूनच रस्ता जातो. तिथे पोटभर नाही, पण पोहे-चहा घ्या आणि मोजे बदला. पुढे कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, एकामागे एक पळा. साडेदहापर्यंत हा पूल ओलांडला नसेल तर मुकाट्याने एसटीला हात करा. पुढचं ऊन त्या उशिराला माफ करत नाही.

कोर्लई, बोर्लीवरून काशिदपर्यंत चढ-उतार आणि वळणं. चढ चाला, उतार सांभाळून पळा. दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून तहान लागेल तसं घोट घोट पाणी, आणि त्यात मीठ हवंच. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ आणि डोकेदुखी सुरू होते. शहाळं किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत मिळालं तर सोडू नका. घाम थांबला, चक्कर आली, बोलणं अडखळलं तर सावलीत बसा, अंग ओलं करा, मदत बोलवा. त्या दिवशीचं पळणं तिथेच संपलं.

काशिद म्हणजे साधारण ३० किलोमीटर. बारा ते अडीच सावलीत आडवे व्हा, पाय उंचावर ठेवा. मग नांदगाव मार्गे राहिलेले अठराएक किलोमीटर. पाचच्या पुढे मुरूडला पोचलात तर पाणी मागे हटलेलं असेल आणि शेवटची रपेट रस्ता सोडून पुळणीवरून मारता येईल.

परतीच्या एसटीची वेळ आदल्या दिवशीच अलिबाग स्टँडवर विचारून ठेवा, आणि शक्य असेल तर मुरूडलाच मुक्काम करा.