डाएट सोडा सोडताय? मग या चुका टाळा, दात वाचतील

दर उन्हाळ्यात ओळखीतलं कोणीतरी हमखास विचारतं, "अगं मी डाएट कोला कधीच बंद केला, आता फक्त हेल्दी पिते, तरी थंड पाण्याने दात का शिवशिवतायत?" मी विचारते हेल्दी म्हणजे काय, की उत्तर ठरलेलं. लिंबूपाणी! दरवेळी तेच सांगून थकले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी मूळ गैरसमज. शुगर फ्री म्हणजे दातांना सेफ, हे साफ चूक आहे. साखर नसली तर कीड लागायचं एक कारण कमी होतं, पण इनॅमल, म्हणजे दातांवरचा कडक थर, झिजवतं ते ॲसिड, आणि ते डाएट सोड्यातही असतंच. कोलात फॉस्फोरिक, लेमन-ऑरेंजवाल्यांमध्ये सायट्रिक. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त. तो साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, आणि डाएट कोला असतो 3 च्या जवळपास. पीएच एका अंकाने उतरला की ॲसिड दहापट होतं, म्हणजे 5.5 आणि 3 मधला फरक अडीच नाही, तीनशे पटीचा आहे.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणजे डाएट सोड्याच्या जागी लिंबूपाणी. ही मी स्वतः केलीय आणि त्याची किंमत अजून मोजतेय. ऑफिसात रोज दुपारी दोन कॅन व्हायचे, ते एका झटक्यात बंद केले आणि टेबलावर लिटरभराची बाटली ठेवली, त्यात अख्खं लिंबू पिळलेलं, साखर नाही मीठ नाही. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत घोट घोट. सात-आठ महिन्यांनी समोरच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसायला लागल्या, माठातलं पाणीसुद्धा प्यायला नको वाटायचं. डेंटिस्ट मॅडमनी तपासायच्या आधी विचारलं, दिवसभरात काय काय आणि किती वेळ पिता ते सांगा. बाटलीचं सांगितलं तर म्हणाल्या, "दोन कॅन पंधरा-पंधरा मिनिटांत संपत होते, हे आठ तास चाललंय." लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 2.5, पाण्यात पिळला तरी दातांच्या दृष्टीने आंबटच राहतो, वर सायट्रिक ॲसिड दातातलं कॅल्शियम धरून ओढतं. आणि लाळेला तोंड पुन्हा ताळ्यावर आणायला वीस-तीस मिनिटं लागतात, ती मी तिला दिवसभरात एकदाही मिळू दिली नव्हती. झिजलेलं इनॅमल परत उगवत नाही. माझ्या दोन दातांना फिलिंगचं मटेरियल लावून कडा बांधल्यात, त्या मधूनमधून दुरुस्त कराव्या लागतात.

चिंच किंवा कैरी खाल्ल्यावर दात आंबतात हे आपल्याला लहानपणापासून माहितीय, मग तेच आंबट ग्लासात आलं की हेल्दी कसं होतं? कोकम सरबत, पन्हं, आवळा सरबत, जलजिरा, ॲपल सायडर व्हिनेगर, सगळी एकाच रांगेतली. कोकम सरबत मला जीव की प्राण आहे, आणि मी ते पिते, पण जेवणासोबत एक ग्लास आणि लगेच साध्या पाण्याची चूळ.

दुसरी चूक, आंबट पिऊन लगेच ब्रश. ॲसिडने वरचा थर मऊ झालेला असतो आणि त्यावर तुम्ही ब्रश रगडता! निदान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबा. तोवर फक्त चूळ. लोकांना थांबायचाच कंटाळा, त्याला काय करणार.

गॅस उडवून पिणं: फेस गेला तरी फॉस्फोरिक ॲसिड ग्लासातच राहतं.

अर्धं पाणी घालून पिणं: पीएच जेमतेम 0.3 ने चढतो. काही उपयोग नाही.

स्ट्रॉ: थोडी मदत होते, पण स्ट्रॉ आहे म्हणून तासभर चोखत बसलात तर काही मिळवलं नाही.

झोपताना काहीही आंबट: नकोच. रात्री लाळ कमी सुटते.

मग प्यायचं काय? बुडबुडेच हवे असतील तर साधा सोडा, बिनफ्लेवरचा. त्यातलं कार्बोनिक ॲसिड कमजोर असतं, कोलाच्या मानाने दातांना फार कमी त्रास. पण "नॅचरल लेमन" लिहिलेली बाटली घेताना मागचं लेबल वाचा. आयएनएस म्हणजे पदार्थात काय काय घातलंय त्याचे ठरलेले नंबर. 330 म्हणजे सायट्रिक, 338 म्हणजे फॉस्फोरिक, 296 म्हणजे मॅलिक. यातलं काही दिसलं की मी बाटली परत ठेवते. 290 म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड, तो चालतो. 500 असेल तर खायच्या सोड्याच्या जातीचं काहीतरी घातलंय, दातांना बरं, पण बीपीवाल्यांनी सोडियमचा विचार करा.

ताकाबद्दल लोक हटकून भांडतात की तेही आंबट. आहेच, पीएच 4.5 च्या आसपास भरतो, पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर, त्यामुळे दातातून काही ओढून घेतलं जात नाही. म्हणून नुसती पीएच पट्टी बुडवून ताकाला घाबरू नका. साखर मात्र घालू नका. दूध तर उत्तमच.

डाएट कोला एकदम तोडलात आणि चार वाजता डोकं दुखायला लागलं तर ते कॅफीन आहे. 355 मिलीच्या कॅनमध्ये चाळीस-पंचेचाळीस मिलिग्रॅम असतं, कपभर बिनसाखरेच्या चहाने भागतं. तेवढ्यावरून हार मानून लोक परत कॅन उघडतात, ते बघून फार वाईट वाटतं. दोन आठवडे तरी धरा.

माझ्या टेबलावर आता वाळ्याचं पाणी असतं. वाळ्याची छोटी जुडी स्वच्छ धुऊन माठात टाकायची, चार-पाच तासांत वास उतरतो, तीन दिवसांनी जुडी काढून कडक उन्हात वाळवायची आणि परत वापरायची. पावसाळ्यात वाळा नीट वाळत नाही, तेव्हा बडीशेप किंवा जिरं रात्री भिजवून सकाळी गाळून घेते. लिंबू नाही पिळत.