जॉबवर्कचं गिऱ्हाईक शोधताना मी जिथे आपटलो

माझं काम जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट मजुरीवर मशीन करून द्यायचे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीन), एक जुनी टर्निंग मशीन, भोसरीत भाड्याचा गाळा आणि डोक्यावर बँकेचा हप्ता. एवढं असलं की पहिल्या वर्षी माणूस येईल त्याला हो म्हणतो, मीपण म्हणलं. मशीनचा स्पिंडल थांबला की छातीत धडधडतं, ते ज्याने हप्ता भरलाय त्यालाच कळतं. पण गंमत बघा, मला सगळ्यात जास्त खड्डा पडला तो दोन्ही शिफ्ट फुल चालू असताना.

कोटेशन, जीएसटी, उद्यम नंबर (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) हे तुम्हाला माहीत असेलच. मी जिथे अडकलो तेवढं सांगतो, जरा पाल्हाळ होईल.

एका मोठ्या कंपनीचा परचेसवाला गाळ्यावर आला. एमएसचं (साध्या लोखंडाचं) ब्रॅकेट, दोन बोअर म्हणजे मोठी भोकं, चार टॅपिंग म्हणजे आट्याची भोकं. म्हणाला महिन्याला ५०० नग, मटेरियल आमचं, रेट टाका. सायकल टाईम, म्हणजे एका नगाला मशीन चालते ती, ४ मिनिटं, जॉब लावणं-काढणं १ मिनिट, सेटिंग, म्हणजे लॉट सुरू करण्याआधी मशीन तयार करणं, ३ तास, मशीनचा रेट तासाला ४५० धरला. सेटिंगची १८० मिनिटं ५०० नगांवर वाटली तर नगामागे अर्धं मिनिटपण येत नाही. हिशोब बसला ४० रुपये आणि वर चिल्लर. मी ४२ टाकले, त्याने घासून ४१ ला पीओ (खरेदीची ऑर्डर) दिली. घरी पेढे नेले त्या दिवशी.

पीओवर ५०० होते, मटेरियल आलं ५० नगांचं. चलनावर ५०, पुढच्या आठवड्यात परत ५०, मध्येच त्यांचाच दुसरा अर्जंट जॉब, की हा उतरवा. तुम्ही म्हणाल एकदम ५०० करून ठेवायचे ना, पण मटेरियल त्यांचं, ते देतील तेवढंच. मग दर वेळी फिक्स्चर (जॉब पकडायचा साचा) चढवा, ऑफसेट (टूलची मापं) घ्या, पहिला पीस काढून त्यांच्या क्यूसीकडून (तपासणीवाल्यांकडून) पास करून आणा, तेच ३ तास. ५० नगांची २५० मिनिटं, सेटिंगची १८०, झाली ४३०. भागिले ५०, नगाला ८.६ मिनिटं, म्हणजे साडेचौसष्ट रुपये. मिळत होते ४१. प्रत्येक नगामागे साडेतेवीस रुपये मी त्यांना देत होतो, वर जीएसटी महिन्याच्या २० तारखेला खिशातून भरत होतो कारण पेमेंट ९० दिवसांनी यायचं.

सात महिने कळलं नाही. बायको ओव्हरटाईमचा हिशोब काढत होती, ऑपरेटरची वही घेऊन बसलेली, म्हणाली अहो, इथे सगळीकडे सेटिंग, सेटिंगच लिहिलंय, जॉब कधी काढता तुम्ही? त्या रात्री दोघांनी वही परत पहिल्या पानापासून वाचली. जेवलो नाही नीट.

आता माझ्या कोटेशनला तीन ओळी असतात. ५० नगांचा रेट, २०० चा, ५०० चा. खाली लिहितो की रेट एकावेळी येणाऱ्या लॉटवर, पीओच्या आकड्यावर नाही. ही ओळ वाचून जो परचेसवाला चिडतो त्याला चहा पाजा आणि सोडून द्या. आणि ते "आधी कंपनीत पाय रोव, रेट मागून वाढेल" सांगणारे सिनिअर लोक असतात ना, माझ्याही एका जुन्या सुपरवायझरने हेच सांगितलेलं, माणूस देवासारखा पण स्वतः कधी हप्ता भरला नव्हता. रेट मागून वाढत नाही, पुढच्या वर्षी उलटा कमी करून मागतात.

मग चांगलं गिऱ्हाईक कुठून आणायचं? ऑनलाईन लीड विकत घेऊन मी पैसे घातले, एकच इन्क्वायरी दहा जणांना गेलेली असते, तिथे सगळ्यात स्वस्त देणाऱ्यालाच काम मिळतं, आणि तोच मरतो. मला कामाला आली तीन माणसं. इन्सर्टचा (कटिंग टूलच्या पात्यांचा) डीलर, स्टीलवाला आणि टेम्पोवाला. कोण उधारी वेळेवर देतो ते पहिल्या दोघांना पाठ असतं, आणि कुठल्या गेटवर गाडी अर्धा दिवस उभी राहते, कुणाचा माल परत येतो, ते टेम्पोवाल्याइतकं कुणालाच माहीत नसतं. शिवाय जीएसटीच्या साइटवर गिऱ्हाइकाचा नंबर टाकून बघा, रिटर्न वेळेवर भरतो का ते दिसतं. फुकट आहे, दोन मिनिटं लागतात, तरी कुणी करत नाही.

माझी बरी गिऱ्हाइकं सगळी छोटी निघाली. एसपीएम (एकाच खास कामाची मशीन) बनवणारे, पॅकिंग मशीनवाले, फूड कंपनीचं मेंटेनन्स. नग ४, नाहीतर १०, पण सेटिंगचे पैसे वेगळे देतात, कारण लाईन बंद असते तेव्हा दोन-पाचशे रुपयांवरून कुणी भांडत नाही. रात्री अकराला फोन येतो ते मात्र धरून चाला.

पेमेंटचं म्हणाल तर २००६ च्या एमएसएमई (छोट्या-मध्यम उद्योगांच्या) कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवस आहेत, पुढे चक्रवाढ व्याज. बिलावर उद्यम नंबर छापाच. २०२३-२४ पासून इन्कम टॅक्सचं ते ४३बी(एच) कलम आलं, मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो, त्यामुळे मार्चमध्ये अकाउंटवाले स्वतःहून फोन करतात. एकाने मला सांगितलं, तो नंबर बिलावरून काढा. मी गिऱ्हाईकच काढलं. थकलेल्या पेमेंटची सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, पण एकदा केली की तिथलं काम संपलं असंच समजा.

पहिल्या वर्षी असा एक जण सगळ्यांना भेटतो हो, लाज वाटून घेऊ नका. फक्त वही आठव्या महिन्यात उघडू नका, पहिल्याच महिन्यात उघडा.

परवा गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याच कंपनीच्या नवीन परचेसवाल्याचा फोन आला. तेच ब्रॅकेट, म्हणे आता नक्की ५००. मी तीन ओळींचं कोटेशन पाठवलंय, अजून उत्तर नाही. मशीनवर सध्या पॅकिंगवाल्याचे सहा सीलिंग जॉ (पाकीट चिकटवणारे जबडे) चढलेत, सेटिंग चार्जसकट.