एसडीएच रिंग काढण्याआधी: क्लॉकपासून सुरू होणारी तयारी

बेळगाव शहरातली मेट्रो रिंग (शहरभर फिरणारे फायबरचे वर्तुळ) आणि तिला पुणे-बेंगळुरू महामार्गालगतच्या कोअर मार्गाशी जोडणारे दुवे एसडीएचवरून (एका क्लॉकच्या तालावर चालणारी जुनी वाहतूक यंत्रणा) आयपी-एमपीएलएस (लेबल लावून पॅकेट पाठवणारे जाळे) व डीडब्ल्यूडीएमवर (एकाच फायबरवर प्रकाशाच्या अनेक तरंगलांबी) न्यायचे असतील, तर रॅकला हात लावण्याआधी क्लॉकचा, म्हणजे सगळ्या उपकरणांना एका तालात ठेवणाऱ्या संकेताचा, आराखडा कागदावर मांडावा. मागच्या कामात आमच्या यादीत नेमके हेच राहिले होते. एसडीएच केवळ ट्रॅफिक वाहत नाही; मोबाइल टॉवरला फ्रिक्वेन्सीही त्याच लाइनवरून मिळत असते. ती लाइन काढली की बेस स्टेशन (टॉवरवरचे रेडिओ उपकरण) स्वतःच्या ऑसिलेटरवर (आतल्या घड्याळावर) चालत राहते, एनएमएसवर (जाळ्यावरच्या देखरेखीच्या पडद्यावर) सगळे हिरवे दिसते, आणि ऑसिलेटर हळूहळू सरकून हँडओव्हर (चालू कॉल एका टॉवरवरून दुसऱ्यावर देणे) तुटू लागले की सगळे रेडिओ विभागात दोष शोधत बसतात. बेस स्टेशनला फ्रिक्वेन्सी साधारण ५० पीपीबीच्या (अब्जात ५० भाग चुकीच्या) आत लागते, आणि टीडीडी पद्धतीच्या (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणाऱ्या व घेणाऱ्या) साइटला त्याशिवाय वेळेचा मेळही ±१.५ मायक्रोसेकंदांच्या आत लागतो. म्हणून प्रत्येक साइटपुढे लिहावे: क्लॉक कुठून येतो, तो गेल्यास दुसरा कुठून येणार, आणि वाटेतला प्रत्येक राउटर सिंक-ई (इथरनेट लाइनवरून फ्रिक्वेन्सी देणारी पद्धत) व पीटीपी (पॅकेटमधून वेळ पाठवणारी पद्धत) खरोखर सांभाळतो की नुसती पॅकेट पुढे ढकलतो.

वीज, बॅटरी, अर्थिंग हे कोणीही बघतेच. फायबरची ओटीडीआर चाचणी (प्रकाशाचा स्पंद सोडून तोटा कुठे आहे ते दाखवणारी) मात्र दोन्ही टोकांकडून घ्यावी. १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल आणि वर जॉइंटांचा तोटा, यापेक्षा आकडा फार वर गेला तर जॉइंट उघडून बघावा. कनेक्टर मायक्रोस्कोपखाली पाहिल्याशिवाय लावूच नये. रस्तारुंदीच्या कामाची लाल धूळ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. रिंगचे दोन हात वेगळ्या वाटेने जातात याची खात्री नकाशावर नव्हे, जागेवर जाऊन करावी. संकेश्वरजवळ हिरण्यकेशीच्या पुलावर दोन्ही केबल एकाच डक्टमध्ये असतील, तर एक जेसीबी दोन्ही तोडेल. आणि त्याच पुलावरून येणारे दोन क्लॉक हे दोन क्लॉक नव्हेत.

पुन्हा क्लॉकच. जाण्या-येण्याला सारखाच वेळ लागतो असे पीटीपी गृहीत धरते. खानापूरकडे पावसाळ्यात केबल तुटली, घाईत जाण्या-येण्याच्या दोन फायबर तारांपैकी एकच दुसऱ्या केबलमधून फिरवली आणि तिची लांबी ६०० मीटरने वाढली, तर किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद या हिशेबाने ३ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. त्याचा अर्धा भाग थेट वेळेच्या चुकीत जातो, म्हणजे पूर्ण १.५ मायक्रोसेकंदांची मर्यादा तिथेच संपते. ट्रॅफिकला याचा पत्ताही लागत नाही. दुरुस्ती करणाऱ्या गँगला हे आधीच समजावून सांगावे, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर दोन्ही तारांची लांबी मोजून घ्यावी.

डीडब्ल्यूडीएमच्या १०० जी (सेकंदाला १०० गिगाबिट) कोहेरंट लॅम्डाला (एका तरंगलांबीच्या वाहिनीला) डिस्पर्शनच्या, म्हणजे फायबरमध्ये स्पंद पसरण्याच्या, भरपाईचे मॉड्यूल लागत नाही, पण जुन्या १० जी लॅम्डांना लागते. दोन्ही एकाच फायबरवर ठेवायचे असल्यास मध्ये गार्ड बँड (रिकामी तरंगलांबीची पट्टी) सोडावा. एमपीएलएसचे प्रत्येक लेबल ४ बाइटचे असते, तेव्हा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) टोकापासून टोकापर्यंत सारखा वाढवावा. खोदाईच्या परवानगीचे अर्ज कन्नडमध्ये, जाणकाराकडून लिहून घ्यावेत. गणेशोत्सवात आणि विधिमंडळ अधिवेशनाच्या दिवसांत कटओव्हर (ट्रॅफिक जुन्यावरून नव्यावर वळवणे) नको.

कटओव्हर रात्री करावा, बिघडल्यास जुन्यावर परत कसे जायचे ते आधी लिहून. मुख्य क्लॉक मुद्दाम काढून दुसरा येतो का ते बघावे. ‘लॉक’ (बाहेरच्या क्लॉकला जुळलेली) ऐवजी ‘होल्डओव्हर’ (क्लॉक नसताना स्वतःच्या ऑसिलेटरवर चालणारी) दिसणारी एकही साइट असेल तोवर जुनी एसडीएच कार्डे काढू नयेत.