मॉन्स्टरला आधी वजन द्या, दात नंतर

कमी पैशात मॉन्स्टरपट काढायला निघालेल्यांचा बहुतेक खर्च मॉन्स्टरच्या तोंडावर होतो. सुळे, लाळ, डोळ्यांत लाल दिवे. एवढं करून पडद्यावर हसूच येतं, कारण पंधरा मजली प्राणी चालतोय आणि त्याच्या पायाखाली साधी धूळही उडत नाही. चेहरा सर्वांत शेवटी करा.

सुरुवात कागदावर. त्याला काय हवंय, तो कुठे येऊ शकत नाही आणि माणसाने काय केलं की तो चवताळतो, या तीन ओळी लिहिल्याशिवाय पटकथेला हात लावू नका. 'तुंबाड'मधला (2018) राक्षसी हस्तर पाहा: भूक पिठाची, म्हणून आमिष कणकेच्या बाहुलीचं, सोनं लंगोटीत, आणि पिठाच्या रिंगणात त्याला शिरता येत नाही. हे एकदा कळलं की बाहुली कुठे पडली, रिंगण शाबूत आहे ना, हे प्रेक्षक स्वतःच धास्तावून बघत राहतो. शेवटचा घातही त्याच नियमातून होतो, जितक्या बाहुल्या तितके हस्तर. नियम मध्येच सोयीने बदलला, तर प्रेक्षक घाबरायचं सोडून चुका काढायला लागतो.

मग तो दाखवायचा कधी? 'जॉज'मधला (1975) यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून काम पाण्यावर दिसणारा पाठीचा पर, त्याला अडकवलेली पिंपं आणि संगीत यांवर भागवावं लागलं. मासा धड दिसायला तासाहून जास्त वेळ लागतो, आणि चित्रपट त्यामुळेच चढतो. 127 मिनिटांच्या 'जुरासिक पार्क'मध्येही डायनासोर पडद्यावर जेमतेम पाव तास आहेत. वीस मिनिटांच्या लघुपटात मॉन्स्टर एकूण दोन मिनिटं पुरे, आणि पूर्ण आकृती बाराव्या मिनिटाच्या आत नको. तोवर पाय, सावली, वाकलेला विजेचा खांब.

आता खरी मेहनत: छोटी वस्तू मोठी दिसणं. 1954 च्या पहिल्या 'गॉडझिला'साठी स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या एइजी त्सुबुराया यांनी मॉन्स्टरचा सूट घातलेला माणूस छोट्या केलेल्या टोकियोतून चालवला. ती पद्धत आजही गच्चीवर जमते. 1/25 हे प्रमाण धरा. दोन मीटरचा सूट पन्नास मीटरचा होतो, तीन मजली इमारत सुमारे 40 सेंटीमीटरची. दहा मीटरवरून पडलेली वीट जमिनीवर यायला साधारण 1.4 सेकंद लागतात, 40 सेंटीमीटरवरून फक्त 0.29. हा पाचपट फरक भरून काढायला कॅमेरा पाचपट वेगाने चालवावा लागतो. सूत्र सोपं आहे: प्रमाणाच्या आकड्याचं वर्गमूळ गुणिले 24, कारण चित्रपट पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेमने (चित्रांनी) चालतो. 25 चं वर्गमूळ 5, म्हणजे सेकंदाला 120 फ्रेम. ही सोय हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये असते. 1/16 ला 96 फ्रेम लागतात, पण तो आकडा फोनमध्ये सहसा मिळत नाही. 1/25 निवडायचं कारण तेच.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सूटमधला नट मुद्दाम संथ चालतो. पुढे चित्रण पाचपट लांबणार असतं, त्यामुळे मॉन्स्टर पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. त्याला चटकन हालचाल करायला सांगा, 0.6 सेकंदाचं पाऊल पडद्यावर तीन सेकंदांचं होतं. पाय टेकल्यावर गुडघा किंचित वाकवायचा आणि मग अंग पुढे न्यायचं. वजन दिसतं ते त्या वाकण्यात.

कॅमेऱ्याची उंची मोजून ठेवा. रस्त्यावर उभ्या माणसाची नजर 160 सेंटीमीटरवर असते, 1/25 मध्ये ती 6.4 सेंटीमीटर. कॅमेरा याच्या फार वर गेला की शहराचं खेळणं होतं. फोनचा छोटा सेन्सर इथे वरदान आहे, कारण जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट राहतं. मोठ्या कॅमेऱ्यावर मागचं धूसर झालं की प्रेक्षकाला मॉडेल लगेच कळतं, म्हणून लेन्सचं छिद्र लहान ठेवा, एफ 8 ते एफ 11. त्यात 120 फ्रेमला प्रकाश एरवीच्या पाचव्या हिश्श्याएवढाच उरतो. घरगुती एलईडी दिवे या वेगाला फडफडतात. त्यापेक्षा स्वच्छ ऊन बरं: फुकट, भरपूर, आणि सावल्या ठसठशीत.

इमारती थर्माकोलच्या नकोत. फुटलेल्या कडेला पांढरे दाणे दिसतात आणि खेळ खलास. तीन-चार मिलिमीटर जाडीचे पीओपीचे तुकडे ओता, मागच्या बाजूने आडवेतिडवे चरे पाडा आणि दोन दिवस कडक वाळवा. ओलसर भिंत कडाडून फुटत नाही, नुसती ढासळते. इमारतींच्या गच्चीवर चार सेंटीमीटर व्यासाची काळी टोपणं ठेवली की पाण्याच्या टाक्या तयार. धुळीसाठी मुलतानी माती पातळ कापडात बांधून भिंतीमागे झटका. सगळ्यांनी मास्क लावायचा. मैदा, पीठ उधळू नका, जवळ ज्योत किंवा ठिणगी असेल तर भडका उडतो. पाणी आणि आग शक्यतो टाळाच. पाण्याचा थेंब मॉडेलच्या प्रमाणात लहान होत नाही, तो शहराला लगेच उघडं पाडतो.

आवाजाला वेगळे दोन दिवस ठेवा. गॉडझिलाची डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेतून आली: डबल बास या व्हायोलिनसारख्या मोठ्या वाद्याच्या सैल तारांवरून चामड्याचा हातमोजा ओढून, मग ध्वनिमुद्रण संथ करून. तुम्ही दाराची बिजागरी, टेबल सरकवल्याचा आवाज, रिकामं पिंप वापरा. 96 किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे 96 हजार नमुने) मुद्रण करा आणि निम्म्या वेगाने वाजवा, म्हणजे संथ केल्यावरही आवाजातली धार टिकते.

पावलाचा आवाज चित्राशी तंतोतंत जुळवू नका. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. मॉन्स्टर तेवढ्या अंतरावर असेल तर धप्प एक सेकंद, म्हणजे 24 फ्रेम उशिरा यायला हवं. तो जवळ येईल तसा हा उशीर कमी करत न्या. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण छाती धडधडते. नुसता 40-50 हर्ट्झचा गडगडाट ठेवलात तर फोनवर बघणाऱ्याला काहीच ऐकू येणार नाही. त्यावर 200 ते 400 हर्ट्झचा एक थर चढवा, लाकूड मोडल्याचा चालतो, आणि अंतिम मिश्रण एकदा साध्या फोनच्या स्पीकरवर ऐकून मगच पाठवा.