बर्कशायरमध्ये घर शोधताना पत्त्यातल्या गावावर जाऊ नका

इंग्लंडला राहायला येणाऱ्या बहुतेकांचा पुण्या-मुंबईहून निघायच्या आधीच मला फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो: ‘ऑफिस रेडिंगला आहे, मग घर रेडिंगलाच बघू ना?’ त्यावर मी विचारते, कुठलं रेडिंग? कारण पाकिटावर ‘रेडिंग’ लिहिलेली निम्मी घरं रेडिंगच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या हद्दीत, नसतात, आणि इथे शाळेपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत सगळं कौन्सिलवर ठरतं.

आधी नकाशा समजून घ्या. बर्कशायर (बोलताना ‘बार्कशर’ म्हणायचं) हा लंडनच्या पश्चिमेचा आडवा, लांबट जिल्हा आहे. पूर्वेचं टोक हीथ्रो विमानतळाला टेकलेलं, पश्चिमेचं हंगरफर्डपलीकडच्या माळरानावर. मधून एम-४ महामार्ग जातो; पाच नंबरच्या जंक्शनपासून चौदापर्यंतचा पट्टा आपला समजा. जिल्हा एक असला तरी त्याला एक कौन्सिल नाही. बर्कशायर काउंटी कौन्सिल १९९८ साली बंद झाली आणि सगळे अधिकार सहा स्वतंत्र कौन्सिलांकडे गेले: रेडिंग, स्लाउ, वोकिंगहॅम, ब्रॅकनेल फॉरेस्ट, विंडसर अँड मेडनहेड आणि वेस्ट बर्कशायर. पोस्टाला मात्र या हद्दींशी काही देणंघेणं नाही. अर्ली आणि वुडली हे रेडिंगचे उपनगर वाटावेत इतके जवळ आहेत, पत्ताही रेडिंगचा, पण कौन्सिल वोकिंगहॅमची. शिनफील्डचं तेच. पश्चिमेला कॅलकट आणि पर्ली वेस्ट बर्कशायरमध्ये जातात. टाइलहर्स्ट तर मधोमध चिरलेलं आहे. पूर्वेला आणखी मजा: बर्नहॅम हे गाव बकिंगहॅमशायरमध्ये, पण बर्नहॅम स्टेशन स्लाउमध्ये. म्हणून जाहिरातीतलं घर आवडलं की आधी त्याचा पोस्टकोड सरकारी संकेतस्थळावर टाकून कौन्सिल कुठली ते बघा, मगच एजंटला फोन करा. एजंट हे आपणहून सांगत नाहीत.

कौन्सिल बदलली की पहिला फरक कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे इथल्या घरपट्टीत, पडतो. घराचा बँड (कराचा गट) एप्रिल १९९१च्या किमतीवरून ठरलेला असतो आणि दर प्रत्येक कौन्सिलचा वेगळा. विंडसर अँड मेडनहेडचा दर वर्षानुवर्षं लंडनबाहेरच्या सर्वांत कमी दरांमध्ये गणला गेला आहे. स्लाउ कौन्सिलने मात्र २०२१ साली पैशाची तोंडमिळवणी होत नाही असं अधिकृतपणे जाहीर केलं होतं. घरात एकच प्रौढ व्यक्ती राहत असेल तर २५ टक्के सवलत मिळते. नवरा किंवा बायको दोन-तीन महिन्यांनी मागून येणार असेल तर तेवढ्या काळापुरती ती मागून घ्या. मागितल्याशिवाय मिळत नाही.

खरा फरक शाळेत पडतो, आणि मुलं असतील तर घराचा निर्णय तिथूनच सुरू करावा लागतो. भारतात कितवी झाली हे इथे कोणी विचारत नाही. वर्ग वयावरून मिळतो. ३१ ऑगस्टपर्यंत चार वर्षं पूर्ण झालेलं मूल सप्टेंबरमध्ये रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गाला, बसतं, आणि पुढचे सगळे वर्ग तसेच मोजायचे. वर्षाच्या मधे आलात तर कौन्सिलकडे ‘इन-इयर’ प्रवेशाचा अर्ज करायचा. जवळच्या शाळेत जागा नसेल तर बऱ्याच लांबची शाळा मिळू शकते, आणि भावंडांना दोन वेगळ्या शाळा मिळाल्याची घरंही मी पाहिली आहेत. भाडेकरारावर सही करण्याआधी कौन्सिलच्या प्रवेश विभागाला फोन करून कुठल्या शाळेत कुठल्या वर्गात जागा आहे ते विचारा. फोनवर सांगतात, नीट सांगतात. नियमित प्रवेशाच्या अर्जाच्या शेवटच्या तारखा इंग्लंडभर एकच: प्राथमिकसाठी १५ जानेवारी, माध्यमिकसाठी ३१ ऑक्टोबर.

आता आपल्या लोकांचा लाडका विषय, ग्रामर स्कूल, म्हणजे प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा. रेडिंगमध्ये मुलांसाठी रेडिंग स्कूल आणि मुलींसाठी केंड्रिक. स्लाउमध्ये लँगली ग्रामर, हर्शल, अप्टन कोर्ट आणि सेंट बर्नार्ड्स. परीक्षा सहावीच्या, म्हणजे इयर सिक्सच्या, सप्टेंबरच्या सुमारास होते आणि नावनोंदणी त्याआधीच्या उन्हाळ्यात बंद होते. त्यामुळे दहा वर्षांचं मूल घेऊन ऑगस्टमध्ये उतरणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा चुकलेली असते. तसं झालं तर फार वाईट वाटून घेऊ नका. वोकिंगहॅमच्या हद्दीतल्या साध्या सरकारी शाळा चांगल्या आहेत, आणि अर्ली-वुडलीमध्ये भारतीय कुटुंबांची गर्दी त्यामुळेच आहे. ट्यूशनच्या मागे लागून मुलाचं पहिलं वर्ष, जेव्हा त्याला भाषा, थंडी आणि मित्र हे तिन्ही सांभाळायचे असतात, खर्ची घालणं मला पटत नाही.

विंडसरला जाणार असाल तर एक गोष्ट आधी ऐका. तिथे शाळा तीन टप्प्यांत आहेत: फर्स्ट, मिडल आणि अपर. म्हणजे मूल साधारण नवव्या वर्षी एकदा आणि तेराव्या वर्षी पुन्हा शाळा बदलतं. शेजारच्या मेडनहेडमध्ये, त्याच कौन्सिलमध्ये, नेहमीची दोन टप्प्यांची पद्धत आहे. दोन-तीन वर्षांनी गाव बदलायचा विचार असेल तर हा हिशेब आधी मांडून बघा.

ऑफिस लंडनला असेल तर रेल्वेचा फाटा बघा, अंतर नव्हे. रेडिंगहून लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला जलद गाडीने साधारण पंचवीस मिनिटं लागतात. मे २०२२ पासून लंडनच्या आरपार जाणाऱ्या एलिझाबेथ लाइनची गाडी रेडिंगपर्यंत येते. ती ट्वायफर्ड, मेडनहेड, बर्नहॅम, स्लाउ, लँगली करत थांबत थांबत जाते, वेळ दुपटीहून जास्त, पण पॅडिंग्टनला न उतरता थेट लिव्हरपूल स्ट्रीट किंवा कॅनरी व्हार्फच्या बाजूला जाता येतं. या भागात बँकेचं कार्ड टॅप करायचं. लंडनच्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड वेस्ट ड्रेटनच्या पलीकडे चालत नाही, आणि नवीन माणसाला दंड हटकून इथेच बसतो. वोकिंगहॅम आणि ब्रॅकनेलची गाडी लंडनच्या वॉटर्लू स्टेशनला जाते आणि तासाहून जास्त घेते. नकाशावर ब्रॅकनेल लंडनच्या अधिक जवळ दिसतं, घड्याळात रेडिंग जवळ आहे. रेडिंगचा वार्षिक पास पाच हजार पौंडांच्या वर जातो, तेव्हा आठवड्यातून दोनच दिवस जायचं असेल तर पास काढूच नका. ऑफिस रेडिंगच्या ग्रीन पार्क बिझनेस पार्कमध्ये असेल तर तिथे २०२३ पासून स्वतंत्र स्टेशन आहे, बेसिंगस्टोकच्या लाइनवर.

गावागावाचा स्वभाव थोडक्यात सांगते. रेडिंग हे सगळ्यांत सोयीचं. बससेवा कौन्सिलच्या मालकीची आणि खरोखर चांगली, त्यामुळे पहिलं वर्ष गाडीशिवाय निघतं. स्टेशनच्या पूर्व-पश्चिमेला लाल-पिवळ्या विटांची भिंतीला भिंत लागलेल्या व्हिक्टोरियन दुमजली घरांची रांग दिसेल. दिसायला देखणी, हिवाळ्यात गार. घर बघताना ऊर्जा-प्रमाणपत्रावरचं अक्षर (घर ऊब किती राखतं याचा दर्जा) विचारा आणि बाथरूमच्या छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी आहे का ते मान वर करून बघा. नदीपलीकडचं कॅव्हर्शम सुंदर आहे, पण गाड्यांसाठी गावातले पूल दोनच, आणि तिसऱ्या पुलाची मागणी कित्येक वर्षं नुसती चालू आहे. स्टेशनला चालत जाणाऱ्याने कॅव्हर्शम जरूर घ्यावं. रोज गाडीने दक्षिणेला जाणाऱ्याने दोनदा विचार करावा.

स्लाउबद्दल लोक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. शेजारपाजारात पंजाबी आणि उर्दू कानावर पडते, २०२१च्या जनगणनेत जवळजवळ निम्म्या लोकांनी आपलं मूळ आशियाई सांगितलं आहे, फार्नहॅम रोडवर मेथीची जुडी आणि ताजा कढीपत्ता मिळतो, आणि आई-वडील सहा महिन्यांसाठी आले तर ते दुपारी एकटे बाहेर पडून मंदिरात जाऊन येऊ शकतात. ही शेवटची गोष्ट ब्रॅकनेलमध्ये जमत नाही. आयटीवाल्यांसाठी सांगायचं तर स्लाउच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये डेटा सेंटरांची एवढी दाटी आहे की तुम्ही भारतात बसून ज्या सर्व्हरवर लॉगिन करत होता तो कदाचित तुमच्या नव्या घरामागे असेल. विमानांचा आवाज मात्र मोजून घ्या. डॅचेट, कोलब्रूक, रेझबरी ही गावं थेट हीथ्रोच्या वाटेखाली येतात, आणि वारा बदलला की विमानांची दिशा बदलते. शांत दिवशी घर बघून फसू नका, वेगळ्या वाऱ्याच्या दिवशी पुन्हा एक चक्कर मारा.

ब्रॅकनेल हे १९४९ साली योजून वसवलेलं शहर: गोल चौक, भुयारी पादचारी मार्ग, झाडी, सायकलींच्या वाटा. लहान मुलं असतील तर उत्तम. तिथे मोठं आपत्कालीन रुग्णालय नाही, हे लक्षात ठेवा. ब्रँट्स ब्रिजला तातडीचं उपचार केंद्र आहे, पण गंभीर असेल तर फ्रिमली किंवा स्लाउजवळचं वेक्सहॅम पार्क रुग्णालय गाठावं लागतं. रेडिंगला रॉयल बर्कशायर रुग्णालय आहे. न्यूबरी आणि थॅचमवाल्यांनाही गंभीर प्रसंगी रेडिंग किंवा बेसिंगस्टोकलाच यावं लागतं. न्यूबरीत व्होडाफोनचं मोठं ऑफिस असल्याने आपली माणसं तिथेही आहेत. गाव टुमदार, कालव्याकाठी फिरायला छान, पण किराण्यासाठी महिन्यातून एकदा रेडिंगची फेरी ठरलेली.

मग खेडी. ट्वायफर्डजवळचं हर्स्ट, थेम्सकाठचं सोनिंग, कुकहॅम, पँगबर्न. रविवारी फिरायला गेलात की इथेच राहावं असं वाटतं. राहू नका असं मी म्हणत नाही, पण बघायला नोव्हेंबरात संध्याकाळी पाचला जा. रस्त्यावर दिवे नसतात, बऱ्याच ठिकाणी पदपथ नसतो, शेवटची बस लवकर जाते. सोनिंगच्या पुलावर एका वेळी एकाच बाजूची वाहतूक सुटते, पँगबर्नहून पलीकडे जायला आजही टोल भरून पूल ओलांडावा लागतो. दोघांकडे गाडी असेल तरच खेड्यात जा. गेलात तर पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीचा, सूचनाफलक वाचत जा. गावचा हॉल स्वस्तात मिळतो आणि आपल्याकडच्या मुंजी, बारशी, दिवाळीचे फराळ अशाच हॉलांमध्ये होतात. आधीच विचारून ठेवा की आतल्या स्वयंपाकघरात तळण चालेल का. फोडणीच्या धुराने अलार्म वाजला की सगळा कार्यक्रम पार्किंगमध्ये येतो.

नदीकाठच्या घरांबद्दल एकच सांगते, पुराचा सरकारी नकाशा पोस्टकोड टाकून बघा. २०१४च्या हिवाळ्यात रेझबरी आणि डॅचेटमध्ये घरांत पाणी शिरलं होतं. मेडनहेड, विंडसर आणि ईटनसाठी २००२ साली ज्युबिली नदी नावाचा पूरवाहक कालवा सुरू झाला. त्या गावांना तो वाचवतो. भाड्याने राहत असलात तरी तुमच्या सामानाचा विमा तुम्हालाच काढायचा असतो, आणि पूरपट्ट्यात तो महाग पडतो.

भाड्याचे नियम आपल्या बाजूचे आहेत, ते माहीत असू द्या. घर राखून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त रक्कम घेता येत नाही. डिपॉझिट वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांपर्यंतच, आणि ते मान्यताप्राप्त योजनेत ठेवावं लागतं. पुण्यातल्यासारखे ‘ब्रोकरचे पैसे’ भाडेकरूकडून घेणं २०१९च्या कायद्याने बंद आहे. पहिल्या दिवशी घराचा कोपरान् कोपरा फोटोत धरून एजंटला ईमेल करा.

किराण्याचं सांगायचं तर रेडिंगला ऑक्सफर्ड रोडवर बहुतेक सगळं मिळतं. भाजणी आणि गोडा मसाला मात्र घरूनच आणा. मोठी खरेदी साउथॉलला करा, एलिझाबेथ लाइन थेट जाते. मंदिर रेडिंगला व्हिटली स्ट्रीटवर आहे, स्लाउला कील ड्राइव्हवर. गणपतीत आपल्या लोकांचे स्थानिक गट जमतातच, शाळेच्या फाटकापाशी मराठी ऐकू आलं की ओळख काढा. लंडनच्या डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, वर्षातून एकदा तरी तिथल्या कार्यक्रमाला जा.

आणि रेडिंगच्या फोर्बरी बागेतला तो अवाढव्य लोखंडी सिंह बघून या. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत पडलेल्या बर्कशायर पलटणीचं ते स्मारक. त्याच मैदानात मुंबई सैन्याच्या पलटणीही होत्या, बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स. सिंहाखाली नावं बर्कशायरच्या पलटणीची आहेत.

राहता राहिलं लायसन्स. भारतीय लायसन्सवर इथे वास्तव्य सुरू झाल्यापासून बारा महिनेच गाडी चालवता येते, त्यानंतर इथली लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा द्यावीच लागते. परीक्षेच्या तारखा मिळायला कित्येक महिने लागतात, म्हणून पत्ता पक्का झाला की पहिल्याच महिन्यात प्रॉव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स मागवा आणि लेखी परीक्षा उरकून टाका. पुण्यात वीस वर्षं गाडी चालवलेल्यांनीसुद्धा चार धडे घ्या; गोल चौकात कुठल्या लेनमध्ये शिरायचं आणि कोणाला आधी जाऊ द्यायचं, यावर परीक्षकाचं बारीक लक्ष असतं.