तांगहुलू: पाक चढवण्याआधीची तयारी

तांगहुलू म्हणजे काडीला टोचून साखरेच्या कडक पाकात घोळवलेली फळं. गॅस पेटवण्याआधी सगळं हाताशी हवं, कारण तांगहुलूचा पाक कुणासाठी थांबत नाही. ऐन वेळी काड्या शोधायला गेलात की तो लालसर होऊन कडवट लागतो.

आधी फळं. बीजिंगला आणि एकूणच उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर हे विकतात, तेव्हा काडीवर मूळ फळ असतं शानझा: लाल, बोराएवढं, चांगलंच आंबट. मिळालं तर देठ काढून, मधे चीर देऊन बिया काढा. नाहीतर घट्ट स्ट्रॉबेरी किंवा आंबटसर द्राक्षं घ्या. आंबटपणा हवाच, नुसती गोड फळं या पाकात बेचव लागतात. ही फळं मात्र कापू नका, त्यांना पाणी सुटतं. फळं फ्रिजमधली असतील तर आधी बाहेर काढून ठेवा, नाहीतर त्यांना दव सुटतं. मग धुऊन, एकेक पुसून पंख्याखाली पसरा. इथे घाई नको. बोटाला जरा जरी ओल लागली तरी पाक सालीवरून घसरतो. पूर्ण सुकल्यावरच बांबूच्या काड्यांना टोचा.

आता ओटा. ताटाला तेलाचा हात लावून ठेवा, शेजारी बर्फाच्या पाण्याची वाटी. जाड बुडाच्या, उभट पातेल्यात दोन वाट्या साखर आणि एक वाटी पाणी. खडीसाखर असेल तर उत्तम. उकळी आल्यावर चमचा अजिबात घालायचा नाही, ढवळलं की साखर परत दाणेदार होते. गोळीबंद पाकाच्या बरंच पुढे, साधारण 150 अंश सेल्सिअसपर्यंत जायचंय. थर्मामीटर नसेल तर थेंब बर्फाच्या पाण्यात टाका आणि चावून बघा: कट्‌कन तुटला, दाताला चिकटला नाही, की झालं. लगेच गॅस बंद, पातेलं तिरकं करून काडी एकदाच फिरवा, जादा पाक निथळू द्या आणि ताटात ठेवा. जाड थर चावताना दात दुखवतो.

मुलांना ओट्यापासून लांब ठेवा. हा पाक कातडीला चिकटून भाजतो.

खाणारी मंडळी आधीच बोलावून ठेवा. बीजिंगच्या कोरड्या थंडीत हे कवच टिकतं, मुंबईच्या दमट हवेत थोड्याच वेळात चिकट होतं. फ्रिजमध्ये ठेवूनही उपयोग नाही, बाहेर काढलं की ओल धरतं. पातेल्यात पाणी घालून उकळा, चिकटलेली साखर आपोआप सुटते.