जिगहेडचा रंग निवडताना या चुका टाळा

मे महिना लागला की मिशिगनमधल्या लेक सेंट क्लेअरच्या धक्क्यावर गरवायला आलेली आपली मराठी मंडळी भेटू लागतात. डेट्रॉइटच्या आसपास नोकरी, नवी कोरी स्पिनिंग रॉड आणि दांडगा उत्साह. डबा उघडला की नेड रिगची (म्हणजे छोटं रबरी आमिष लावायच्या गळाची) तीस-चाळीस जिगहेड्स, हुकवर बसवलेली धातूची रंगीत वजनं: नारिंगी, गुलाबी, पोपटी, निळी. पहिला प्रश्न ठरलेला, "आज कोणता रंग चालतोय?" त्याआधी विचारायचं असतं ते वेगळंच. पाणी किती गढूळ आहे, तळाशी काय आहे आणि हेड किती वजनाचं आहे?

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे रंग आणि वजन एकदम बदलणं. ही मी स्वतः केली आहे. जूनची सकाळ होती, दहा-अकरा फूट पाणी, वारा जवळजवळ नाही. १/८ औंसाचं नारिंगी हेड दोन तास टाकलं, एकही मासा शिवला नाही. मग १/१६ चं ग्रीन पम्पकिन, म्हणजे शेवाळी-तपकिरी रंगाचं, लावलं आणि अर्ध्या तासात चार स्मॉलमाऊथ बास मासे लागले. स्वच्छ पाण्यात नारिंगी चालत नाही, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं आणि पुढे वर्षभर भेटेल त्याला तेच सांगितलं.

पुढच्या जूनमध्ये त्याच जागी एका मित्राने १/१६ चं नारिंगी हेड लावून माझ्यासमोर तीन मासे काढले. मी माझं जुनं १/८ टाकून पाहिलं. दर खेपेला त्याच्यावर गवताचा गुंता. आदल्या वर्षीही तो गुंता येत होता, मी काढून टाकत होतो, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. तळाशी गुडघाभर पाणगवत होतं. जड हेड त्यात रुतून बसायचं, मग माशाला दिसणार काय? हलकं हेड गवताच्या शेंड्यांवर टेकायचं. रंगाचा प्रश्नच नव्हता. माझं ऐकून दोघांनी आपली नारिंगी हेड्स देऊनही टाकली होती, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो. आधी वजन, मग ओढायचा वेग, शेवटी रंग. प्रत्येक बदलाला निदान वीस कास्ट, म्हणजे वीस फेका, देतो. दहा मिनिटांत पाच रंग बदलणाऱ्याला संध्याकाळपर्यंत काहीच कळलेलं नसतं. कोकणात गरवायला बसलेला माणूस एकाच जागी अर्धा दिवस काढतो. तो धीर इथेही लागतो, त्याला पर्याय विकत मिळत नाही.

दुसरी चूक, पाकिटातल्या रंगावर भरवसा ठेवणं. या सरोवरात १९८८ मध्ये झेब्रा शिंपले सापडले. ते पाणी गाळत राहतात, त्यामुळे इथलं पाणी पूर्वीपेक्षा बरंच नितळ झालं. १९९० मध्ये शेजारच्या सेंट क्लेअर नदीत राउंड गोबी आढळला. तळाला चिकटून राहणारा, करड्या-तपकिरी ठिपक्यांचा हा मासा स्मॉलमाऊथ आवडीने खातात. म्हणून नितळ पाण्यात माझं पहिलं हेड ग्रीन पम्पकिन. नवं हेड आणलं की मी काठावरचे मूठभर खडे डब्यात घालतो, वर सरोवराचं पाणी ओततो आणि हेड त्या खड्यांवर ठेवून हातभर अंतरावरून बघतो. दुकानातल्या दिव्याखाली चमकदार वाटलेली कितीतरी हेड्स इथे मळकी दिसतात, आणि मळकी वाटलेली अगदी गोबीसारखी. वाऱ्याने पाणी ढवळलं की मात्र मी बेलाशक नारिंगी किंवा चार्ट्रूस, म्हणजे झगझगीत पिवळट पोपटी, लावतो.

निळं आणि काळं, दोन्ही घ्यायची गरज नाही. स्मॉलमाऊथचा भाऊबंद असलेल्या लार्जमाऊथ बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, लाल आणि हिरव्याच्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इलिनॉयमधल्या संशोधनात त्यांना लाल आणि हिरवा नीट ओळखता आला, पण निळा-काळा आणि चार्ट्रूस-पांढरा यांत त्यांचा गोंधळ झाला. संध्याकाळसाठी एक काळं पुरे.

खोल पाण्यात लाल हेडवर पैसे घालू नका. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी विरतो, तिथे ते काळपटच दिसतं.

रंगाचा टवका उडाला म्हणून हेड फेकू नका.

घरी रंगवायचं तर नेलपॉलिशचा सोपा मार्ग धरू नका, दगडांवर दोन दिवसांत सोलून निघतं. पावडर पेंट वापरा, हेड तापवून बुडवा आणि डब्यावर सांगितलंय तितका वेळ भाजा. पेंट गरम असतानाच हुकच्या डोळ्यातून सुई फिरवा. एकदा तो आत घट्ट बसला की धक्क्यावर, गार बोटांनी, लाइन ओवताना हाल होतात.